सीपॅप कपाटात पडून आहे, त्याऐवजी तोंडातलं उपकरण चालेल का?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. यजमानांचं वय 48, वजन 82 किलो, उंची पाच फूट सात इंच. घर कोथरूडला, कंपनी चाकणला आणि रोज स्वतः गाडी चालवत जातात. स्लीप स्टडीत, म्हणजे रात्रीच्या झोपेच्या तपासणीत, तासाला 24 वेळा श्वास अडकतो (स्लीप ॲप्निया) असं आलं आणि ऑक्सिजन सगळ्यात खाली 82 टक्क्यांपर्यंत गेला. डॉक्टरांनी सीपॅप, म्हणजे मास्कमधून हवेचा दाब देणारं मशीन, सांगितलं, तुम्ही ते घेतलं, पण ते रात्री दोनच्या सुमाराला मास्क काढून टाकायचे आणि आता तीन महिने मशीन कपाटातच आहे. मित्राने सांगितलं की दातांचे डॉक्टर तोंडात घालायचं एक उपकरण करून देतात. तसंच काहीतरी ऑनलाइनही स्वस्तात मिळतं. तर हे चालेल का?

चालू शकतं. मी दातांचा डॉक्टर आहे आणि गेली अठरा वर्षं पुण्यात ही उपकरणं करून देतोय. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून यजमानांना मी नक्कीच तपासून बघितलं असतं. पण मला वाटतं तुमचा खरा प्रश्न मशीन की उपकरण हा नाही. कुठला उपाय ते रात्रभर, रोज वापरतील, आणि तो काम करतोय हे तुम्हाला कसं कळणार, हा आहे. यातला दुसरा भाग बहुतेक घरांमध्ये राहून जातो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी हे उपकरण करतं काय ते बघा. झोप लागली की घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ आणि मऊ टाळू मागे सरकतात आणि श्वासाची वाट अरुंद होते. अर्धवट बंद झाली की घोरणं, पूर्ण बंद झाली की श्वास अडकणं. असं 10 सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ झालं की रिपोर्टमध्ये त्याची एक नोंद होते. आता बसल्या जागी एक करून बघा. खालचा जबडा पुढे काढा, खालचे दात वरच्या दातांच्या पुढे येऊ द्या आणि तसंच धरून घोरण्याचा आवाज काढायचा प्रयत्न करा. बऱ्याच जणांना तो काढताच येत नाही. जबडा पुढे आला की त्याला जोडलेली जीभ पुढे येते आणि टाळूच्या मागची वाट दोन्ही बाजूंना रुंदावते. उपकरण म्हणजे वरच्या आणि खालच्या दातांवर बसणारे दोन पातळ साचे. ते एकमेकांना अशा पद्धतीने जोडलेले असतात की झोपेतही खालचा जबडा मागे घसरत नाही.

सीपॅप वेगळ्या मार्गाने जातं. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी 1981 मध्ये ते मांडलं, आणि तत्त्व आजही तेच आहे: नाकातून हवेचा दाब देऊन ती वाट आतून उघडी धरायची. श्वास अडकण्याचा आकडा खाली आणण्यात सीपॅपच वरचढ आहे, यात वाद नाही. मात्र ते तोंडावर असेल तेवढाच वेळ काम करतं.

इथे थोडा हिशेब मांडतो. समजा सीपॅप लावल्यावर तासाला 24 चा आकडा 3 वर येतो, पण सात तासांच्या झोपेत मास्क तीनच तास टिकतो. उरलेले चार तास पुन्हा 24. सबंध रात्रीची सरासरी 15 येते. आता समजा उपकरणाने आकडा 9 पर्यंतच उतरला, पण ते सातही तास तोंडात राहिलं, तर सरासरी 9. कमी ताकदीचा उपाय पूर्ण रात्र वापरला तर तो जास्त ताकदीच्या अर्धवट उपायाच्या पुढे जाऊ शकतो. शिवाय स्वप्नांची झोप, जिच्यात स्नायू सगळ्यात सैल असतात आणि अनेकांचा त्रास सगळ्यात जास्त असतो, ती रात्रीच्या उत्तरार्धात जास्त येते. दोन वाजता मास्क काढला म्हणजे नेमका तोच वेळ उघड्यावर राहतो.

हा नुसता कागदावरचा हिशेब नाही. सिडनीतच 2013 मध्ये मध्यम आणि तीव्र त्रास असलेल्या लोकांवर दोन्ही उपाय महिना महिना वापरून बघितले गेले. आकडा सीपॅपने जास्त उतरला. उपकरण लोकांनी रोज जास्त तास वापरलं. 24 तासांचा रक्तदाब, दिवसाची झोप आणि सिम्युलेटरवर गाडी चालवून घेतलेली चाचणी, यांत उपकरण मागे पडलं नाही. अभ्यास एकेका महिन्याचा होता, त्यामुळे दहा वर्षांनी काय होईल हे त्यावरून सांगता येत नाही. पण सीपॅप जमत नसेल किंवा नको असेल, तर काहीच न करण्यापेक्षा हे करा, एवढं म्हणायला तो पुरेसा आहे. अमेरिकेतल्या स्लीप मेडिसिन आणि डेंटल स्लीप मेडिसिनच्या संघटनांनी 2015 मध्ये मिळून काढलेल्या मार्गदर्शक सूचनांचा सूरही तोच आहे.

तरीही माझ्याकडे असा पेशंट आला की मी आधी मशीनचंच विचारतो. कपाटातून ते काढा, त्यातलं मेमरी कार्ड घेऊन ज्यांनी लिहून दिलं त्या डॉक्टरांकडे जा. रोज किती तास वापरलं, हवा किती गळत होती, मशीन लावलेलं असताना किती वेळा श्वास अडकला, हे बहुतेक मशीन नोंदवून ठेवतात. दोन वाजता मास्क काढण्यामागे फार साधी कारणं सापडतात. मास्कचा आकार चुकलेला असतो, तोंड उघडं राहून घसा कोरडा पडतो, हवा ओलसर करणारा ह्युमिडिफायर बंदच असतो, नाकाचं हाड वाकडं असतं किंवा सर्दी हटत नाही. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडची हवा इतकी कोरडी होते की ह्युमिडिफायरशिवाय मशीन सहन होणं कठीणच. मास्क बदलून आणि नाकाचा इलाज करून ज्यांचं सीपॅप सुरळीत झालं, त्यांना मी उपकरण न देता परत पाठवलंय आणि त्यात मला समाधानच आहे. नाक बंद असेल तर तसंही उपकरणाचा गुण कमी येतो, म्हणून कानानाकाच्या डॉक्टरांची भेट दोन्ही बाजूंनी उपयोगाची.

एवढं करूनही जमलं नाही, तर उपकरण. कोणाला गुण येईल हे आधी छातीठोक सांगता येत नाही. ढोबळ मानाने तीनांपैकी एकाचा आकडा 5 च्या खाली, म्हणजे नॉर्मलमध्ये येतो. एकाचा निम्म्याहून खाली उतरतो पण थोडा त्रास उरतो. आणि एकाला पुरेसा फरक पडत नाही. ज्यांचा त्रास सौम्य (5 ते 15) किंवा मध्यम (15 ते 30) आहे, वजन फार नाही, खालचा जबडा मुळात थोडा मागे आहे आणि उताणं झोपल्यावरच त्रास वाढतो, त्यांना गुण येण्याची शक्यता जास्त. तुम्ही रिपोर्टमधलं एक वाक्य लिहिलंय आणि ते मला फार महत्त्वाचं वाटलं: उताणं झोपल्यावर 36, कुशीवर 12. म्हणजे यजमानांचा निम्म्याहून जास्त त्रास पाठीवर झोपण्याचा आहे. ही चांगली खूण आहे.

मी कोणाला नाही म्हणतो तेही सांगतो. आकडा 30 च्या बराच वर असेल आणि ऑक्सिजन फार खाली जात असेल, तर सीपॅपचे सगळे प्रयत्न संपल्याशिवाय मी उपकरण करत नाही. हृदय कमजोर असेल, किंवा श्वास अडकण्याचं मूळ घशात नसून मेंदूकडून इशाराच येत नसेल, तर जबडा पुढे ओढून काही होणार नाही. लहान मुलांचा प्रश्न निराळा, तिथे आधी टॉन्सिल्स आणि ॲडिनॉइड्स (नाकाच्या मागच्या गाठी) बघावे लागतात. दात हलत असतील, हिरड्यांतून पू किंवा रक्त येत असेल, तर आधी हिरड्यांचा इलाज. उपकरणाला धरायला प्रत्येक जबड्यात साधारण आठ-दहा मजबूत दात हवेत, कवळीवर ते बसत नाही. तुम्ही लिहिलंय की यजमानांच्या दोन दाढा काढलेल्या आहेत आणि एका बाजूला ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला पक्का कृत्रिम दात) आहे. तेवढ्याने अडत नाही, पण ब्रिज सैल आहे का हे मी आधी बघेन, कारण रोज सकाळी उपकरण काढताना त्याच्यावर ओढ येते.

पहिल्या भेटीत मी मोजतो ती सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे जबडा किती पुढे येतो. दातांत धरायची एक मापाची पट्टी असते. जबडा पूर्ण मागे घ्या म्हणायचं, आकडा वाचायचा. मग जेवढा जाईल तेवढा पुढे काढा म्हणायचं, पुन्हा वाचायचं. कोणाचा जबडा 12 मिलिमीटर फिरतो, कोणाचा जेमतेम 5. पाच असेल तर पुढे सरकवायला जागाच नसते आणि तेव्हा मी स्पष्ट सांगतो. दहा-अकरा असेल तर निम्म्यापासून दोन तृतीयांशापर्यंत कुठेतरी सुरुवात करतो. त्याच वेळी कानाच्या पुढच्या सांध्यावर बोटं ठेवून तो कटकट करतो का, दुखतो का, हेही बघतो. मग बत्तीशीचा एक्स-रे, दातांचं माप किंवा स्कॅन, आणि लॅबमधून उपकरण यायला दोन-तीन आठवडे.

ऑनलाइन मिळणाऱ्या वस्तूबद्दल विचारलंत. गरम पाण्यात मऊ करून दातांवर दाबायचं ते प्लास्टिक दातांना धड धरत नाही, झोपेत तोंडातून निसटतं आणि बहुतेकांमध्ये जबडा मिलिमीटरने पुढे-मागे करायची सोय नसते. मापाने बनवलेल्या उपकरणाशी 2008 मध्ये त्याची तुलना झाली तेव्हा ते कमी पडलंच, पण आधी स्वस्तातलं वापरून गुण येतो का बघू, यासाठीही ते भरवशाचं ठरलं नाही. बरेच लोक नेमका हाच विचार करतात. त्याने फरक पडला नाही म्हणून खऱ्या उपकरणाचा नाद सोडतात आणि पुन्हा घोरत बसतात. आणखी एक घोटाळा नेहमी होतो. झोपेत दात खाणाऱ्यांना आम्ही जो नाइट गार्ड देतो, तो हा नव्हे. तो दातांची झीज थांबवतो, जबडा पुढे आणत नाही, आणि काहींच्या बाबतीत त्याने श्वासाचा अडथळा वाढूही शकतो. यजमान दात खात असतील तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आता ज्यासाठी एवढं लिहायला बसलो ते. उपकरण तोंडात बसलं त्या दिवशी इलाज फक्त सुरू होतो. पुढचे दोन-तीन महिने आठवड्याला अर्धा-एक मिलिमीटर असा जबडा पुढे सरकवायचा असतो. बाजूच्या बारीक स्क्रूला किल्ली लावून पेशंट घरीच तो फिरवतात. घोरणं कमी होत जातं, सकाळचं डोकं दुखणं थांबतं. आणि इथेच बहुतेक जण थांबतात.

लक्ष्मी रोडवर कापडाचं दुकान असलेले एक गृहस्थ माझ्याकडे होते. आकडा 31, सीपॅप दोनदा परत केलेलं. उपकरण दिल्यावर सहा आठवड्यांनी पती-पत्नी दोघं आले. काकू म्हणाल्या, "डॉक्टर, घर एकदम शांत झालंय, मला पहिल्यांदा पहाटेपर्यंत झोप लागली." काकाही खूश. मी म्हटलं, उपकरण तोंडात घालून एकदा घरच्या घरी स्लीप टेस्ट करू. ते म्हणाले, कशाला आता खर्च? मी आग्रह धरला. रिपोर्ट आला 19. घोरणं जवळपास शून्य, आणि श्वास तासाला 19 वेळा अडकत होता. आवाज गेला होता, आजार अर्धाच गेला होता. त्यांचा जबडा अजून दोन मिलिमीटर पुढे यायला वाव होता, तो वापरला. पुढच्या टेस्टमध्ये आकडा 8 आला, रक्तदाबाच्या डॉक्टरांनाही ते रिपोर्ट दाखवले. ती दुसरी टेस्ट केली नसती तर ते 19 वरच वर्षानुवर्षं समाधानाने झोपले असते. म्हणून उपकरण करायला जाल तेव्हा पहिल्याच दिवशी विचारा: जबडा सेट झाल्यावर उपकरण घालून पुन्हा स्लीप टेस्ट होणार का, आणि ती कोण वाचणार? ती छातीच्या किंवा स्लीपच्या डॉक्टरांनी वाचायला हवी. आजाराचं निदान करणं हे आम्हा दातवाल्यांचं काम नव्हे. त्यांनी लिहून द्यायचं, आम्ही करून द्यायचं आणि पुन्हा त्यांच्याकडे पाठवायचं. ही साखळी तुटते तिथे पेशंटचं नुकसान होतं.

टेस्ट करून आकडा उतरलाच नाही तर? तर ते उपकरण फेकून द्यायचं नाही. काही पेशंट उपकरण आणि सीपॅप एकत्र वापरतात. जबडा पुढे असल्यामुळे मशीनला कमी दाब पुरतो आणि आधी असह्य वाटणारा मास्क सहन होतो. प्रवासात नुसतं उपकरण, घरी दोन्ही, असं करणारेही आहेत. गावाला वीज जाते, ट्रेकला तंबूत झोपायचं असतं, तिथे खिशात मावणारी ही डबी फार कामाची.

त्रासाबद्दल आडपडदा न ठेवता सांगतो, कारण हे आधी माहीत नसलं की लोक दुसऱ्या आठवड्यात उपकरण सोडतात. सुरुवातीला लाळ फार सुटते, उशी ओली होते. कोणाचं उलट तोंड कोरडं पडतं. सकाळी जबडा आणि पुढचे दात ठणकतात. हे बहुतेकांचं दोन-चार आठवड्यांत कमी होतं. उपकरण काढल्यावर पंधरा मिनिटं ते अर्धा तास दाढेवर दाढ बसत नाही, चाव वेगळाच लागतो. त्यासाठी सकाळी जबडा मागे नेण्याचा व्यायाम शिकवतो, जो टाळायचा नाही. माझ्या पेशंटना मी एक सोपी खूण दिली आहे. दुकानाच्या बिलाच्या कागदाची एक बारीक पट्टी ब्रशशेजारी ठेवायची. न्याहारीच्या आधी ती उजव्या दाढांत धरून ओढायची, मग डाव्या. दोन्हीकडे अडकली म्हणजे चाव जागेवर आला. तासाभरानेही ती सुळकन निसटत असेल आणि असं सलग आठवडाभर झालं, तर मला फोन करायचा.

कारण खरा प्रश्न वर्षांचा आहे. रोज रात्री खालचा जबडा पुढे ओढला जातो तेव्हा वरच्या पुढच्या दातांवर मागे आणि खालच्या दातांवर पुढे असा दाब येतो. पाच-दहा वर्षांत दात हळूहळू सरकतात. वरचे दात खालच्यांच्या जितके पुढे असतात ते अंतर कमी होतं, काहींच्या मागच्या दाढा एकमेकींना टेकेनाशा होतात. माझ्याकडच्या एका शिक्षिकेला ते कळलं भाकरी खाताना. डाव्या बाजूने चावलं की घास नुसता दाबला जायचा, तुटायचा नाही. आम्ही दोघांनी बसून विचार केला. त्यांचा आकडा 27 चा 6 झाला होता, गोळ्या कमी झाल्या होत्या, आणि सीपॅप त्यांना अजिबात नको होतं. त्यांनी उपकरण सुरू ठेवायचं ठरवलं आणि घास उजवीकडून घ्यायची सवय केली. दुसऱ्या कोणी वेगळा निर्णय घेतला असता आणि तोही चुकीचा नसता. मात्र हे होऊ शकतं हे पहिल्या दिवशी सांगितलेलं असायला हवं, आणि निदान वर्षातून एकदा दात, सांधा आणि चाव तपासून घ्यायला हवा.

खर्चाचा ठराविक आकडा देत नाही, कारण साहित्य, लॅब आणि परदेशी की इथलं यावर तो फार बदलतो. विचारताना एवढं बघा, की सांगितलेल्या रकमेत पुढच्या भेटी आणि जबडा सेट करून देणं धरलंय का. निगा सोपी आहे. कोमट पाणी, मऊ ब्रश, कोरडं करून डबीत. उकळतं पाणी कधीही नाही, त्याने साचा वाकडा होतो आणि पुन्हा माप घ्यावं लागतं.

याच्या जोडीला वजनाचं बघा. पाच-सात किलो उतरले तरी आकडा बऱ्याचदा खाली येतो. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, डिसेंबर 2024 मध्ये लठ्ठपणा असलेल्या रुग्णांच्या मध्यम ते तीव्र स्लीप ॲप्नियासाठी टर्झेपॅटाइड या वजन उतरवणाऱ्या औषधाला मान्यता दिली, त्याचीही चर्चा तुमच्या कानावर येईल. यजमानांचं वजन बघता त्याची गरज आहे का, हे तुमचे फिजिशियन सांगतील. संध्याकाळचं मद्य आणि झोपेची गोळी घशाचे स्नायू आणखी सैल करतात, तेवढं मात्र आजपासून बंद करता येईल. आणि कुशीवर झोपणं. पाठीला उशी बांधा, टी-शर्टला मागे चेंडू शिवा, काहीही करा. उताणं 36 आणि कुशीवर 12 असताना हे फुकटचं औषध आहे, उपकरण येईपर्यंत तरी वापरा.

एक काळजी मात्र माझ्या मनातून जात नाही, ती चाकणच्या गाडीची. नाशिक रोडवर सकाळच्या ट्रॅफिकमध्ये सिग्नलला त्यांचा डोळा लागतो, असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. इलाज बसून दुसरी टेस्ट नीट येईपर्यंत त्यांना कंपनीच्या बसने किंवा कोणा सहकाऱ्याच्या गाडीतून जाऊ द्या. दोन-तीन महिन्यांचा प्रश्न आहे. आणि तोपर्यंत सीपॅप दोन वाजेपर्यंत लागत असेल तर तेवढं तरी लावा, कपाटात ठेवू नका.

दातांच्या डॉक्टरांकडे जाताना स्लीप स्टडीचा फक्त शेवटचा कागद नको, सगळी पानं न्या. मशीनचं कार्ड, चालू गोळ्यांची यादी आणि ब्रिज कधी बसवला ते लिहून न्या. आणि ताई, तुम्ही स्वतः सोबत जा. रात्री दोन वाजता काय होतं हे त्यांना आठवत नाही, ते तुम्ही बघितलेलं आहे.